त्यांच्याकडे यंदा नाताळ नाही

मी देव मानत नाही. का आणि कधीपासून, हे कृपा करून विचारू नका. लोकांना वाटतं, हिला कुणीतरी फसवलं असणार, नाहीतर हिच्या जवळचं कुणीतरी अवेळी गेलं असणार. तसलं काही नाही. एखाद्याला कारलं आवडत नाही, तसा मला देव पटला नाही, एवढंच. पण आकुर्डीतल्या आमच्या बिल्डिंगीला हे पचायला जड गेलं. सत्यनारायणाला मी शिरा दोनदा मागून घेते आणि तीर्थाला हात पुढे करत नाही, यावरून पहिली काही वर्षं जिन्यात कुजबुज चालायची. मग सगळ्यांनीच हात टेकले. 'त्या तसल्याच आहेत' असं ठरलं आणि मी सुटले.

सण मात्र मला आवडतात हो. खायला आवडतं, चार माणसं आली-गेली की आवडतं. पण आपल्याकडे सण म्हटला की कुणीतरी हातात ताम्हन देतंच, आणि मी ते खाली ठेवलं की तोंडं वाकडी होतात. माझ्या सासरी तर दर दिवाळीला हा कार्यक्रम ठरलेला. त्यामुळे वर्षाकाठी मला निवांत मिळायचा तो एकच सण, नाताळ. चाकणला ज्या कंपनीत मी क्वालिटीला आहे तिचे मालक परदेशातले. दिवाळीत आम्हाला मोजून चार दिवस देतात आणि नाताळात आख्खा आठवडा शटडाउन. त्या आठवड्यात मी पहिला दिवस झोपून काढायची आणि पुढचे समोरच्या फ्लॅटमध्ये.

समोर काका आणि मावशी राहायचे. दोघं ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे. काका देहूरोडला लष्कराच्या कारखान्यात नोकरी करून रिटायर झालेले, मावशी नर्स होत्या. बिल्डिंगीत सगळे त्यांना सिस्टर म्हणतात, कारण इथल्या निम्म्या पोरांना पहिलं इंजेक्शन त्यांनीच टोचलेलं. ख्रिस्ती म्हणजे केक आणि वाइन असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा मावशींच्या घरी यावं. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, कडबोळी. आमचा दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच त्यांचा सुरू. आणि नाताळच्या दुपारी मटणाचा लालभडक रस्सा नि बाजरीची भाकरी.

जेवायच्या आधी काका प्रार्थना करायचे. सगळे डोळे मिटायचे, मी उघडे ठेवून बसायची. पहिल्या वर्षी मला वाटलं, आता हे काहीतरी बोलणार. काका 'आमेन' म्हणाले, डोळे उघडले, माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं झालं. एक जण जागा असला की मांजराची भीती नाही." बस्स. पुन्हा तो विषय नाही. मला त्या घरात कधी कुणी सुधारायला गेलं नाही, म्हणून मी तिथे जात राहिले.

काका चर्चच्या कॅरल पार्टीत होते. नाताळच्या आधी चार-पाच दिवस ही मंडळी घरोघरी जाऊन गाणी म्हणतात, घरासाठी प्रार्थना करतात, फराळ खातात आणि पुढच्या घरी जातात. काकांचा आवाज म्हणाल तर रेड्यासारखा. पण तीसेक वर्षं त्यांनी एक फेरी चुकवली नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये काका गेले. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला, आणि गेले.

बिल्डिंग फार चांगली वागली, हे आधी सांगते, कारण पुढे मी पुष्कळ ओरडणार आहे. महिनाभर मावशींच्या घरी गॅस पेटू दिला नाही कुणी. डबे लावून दिले होते, आज हिचा, उद्या तिचा. हे सगळं लावून देणारे आमचे चेअरमन, आप्पा. आप्पा आकुर्डी गावठाणातले जुने शेतकरी. आमची बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्या वडिलांच्या ज्वारीच्या रानावर. त्यामुळे बिल्डिंग म्हणजे आपलंच रान आणि आम्ही सगळे त्यातलं पीक, अशा काळजीनं ते आमच्याकडे बघतात. दिवाळीला त्यांनी घराघरात सांगितलं, सिस्टरकडं फराळ पोचला पायजे. घरात माणूस गेलं की वर्षभर सण करायचा नाही, कढई चढवायची नाही, आणि म्हणून शेजाऱ्यांनी त्या घरी फराळ न्यायचा, ही आपल्याकडची रीत. मावशींकडे इतके लाडू जमले की त्या मला म्हणाल्या, "अगं, मी एकटी बाई. याचं करू काय?"

एकटी बाई, हेच मुख्य दुखणं होतं. त्यांची मुलगी बंगळुरूला असते. एकुलती एक. ती दर रविवारी फोनवर मागे लागायची, मम्मी, फ्लॅट भाड्यानं दे आणि इकडे ये. मावशींना हो म्हणवत नव्हतं आणि नाही म्हणायला जोर नव्हता. शेवटी त्यांनी तिला सांगितलं, "नाताळ होऊ दे. मग सांगते." मला म्हणाल्या, "बाकीचे दिवस काय, टीव्ही लावला तरी जातात. पण नाताळला घरात कुणी आलं-गेलं नाही, तर मग मी इथं कशाला राहू? ते मला नाताळातच कळेल."

"मी आहे की," मी म्हणाले.

"तू आहेस गं. पण तू एकटीच किती खाशील?"

त्या हसल्या, पण मला ते हसणं काही आवडलं नाही. मग म्हणाल्या, कॅरलवाले यंदा सगळ्यात आधी आपल्याकडे येणारेत. चर्चच्या पाळकसाहेबांनीच तसं ठरवलंय. पहिलं घर आपलं. हे सांगताना त्यांचा चेहरा काका असतानाचा झाला होता.

डिसेंबरात कंपनीत आमच्या नाकी नऊ येतात. शटडाउनच्या आधी सगळा माल गेला पाहिजे, म्हणजे रोज ओव्हरटाइम आणि रविवारीसुद्धा अर्धा दिवस. येता-जाता मावशी दारात दिसायच्या. "नाताळला येशील ना?" विचारायच्या. "न येऊन सांगते कुणाला?" मी म्हणायची आणि पळायची. एकदा त्या म्हणाल्या, "यंदा पोरं केक कधी करणार म्हणून विचारायला आली नाहीत." मी म्हटलं, परीक्षा असतील.

तेवीस तारखेला कंपनीची बस तळवड्याच्या चौकात अडकली ती अडकलीच. मी बिल्डिंगीच्या गेटशी पोचले तेव्हा एक पांढरी ट्रॅव्हलर वळून निघत होती. आत लाल टोप्या घातलेली पोरंपोरी, एकाच्या मांडीत गिटार, एकाच्या ढोलकी. मला वाटलं, अरे, मी चुकवलं वाटतं सगळं! तेवढ्यात वॉचमन खुर्चीतून उठून सलाम ठोकत म्हणाला, "पाठवले परत, मॅडम."

"कुणाला परत पाठवलंस?"

"ते गाणंवाले. वरच्या सिस्टरकडं आले होते. आप्पांनी आधीच सांगून ठेवलेलं, त्यांच्याकडं यंदा नाताळ नाही. वर सोडायचं नाही कुणाला."

मला क्षणभर काही कळेना. नाताळ नाही म्हणजे? वॉचमननं मग मोबाइल काढून दाखवला. सोसायटीच्या ग्रुपवर आप्पांनी महिन्याच्या सुरुवातीलाच टाकलं होतं : सिस्टरकडे दुःख असल्याने यंदा त्यांच्याकडे नाताळ नाही, तरी कुणीही शुभेच्छा देऊ नयेत, मुलांनी केक मागू नये, गेटवर झाड व लाइटिंग होणार नाही. खाली सगळ्यांचे हात जोडलेले. हा ग्रुप मी केव्हाच सोडलाय, रोज सकाळी देवांचे फोटो बघून डोकं उठतं म्हणून. मावशी त्यात नव्हत्याच. काकांचा नंबर होता, तो काका गेल्यावर काढून टाकला होता.

म्हणजे महिनाभर आख्खी बिल्डिंग मोठ्या मायेनं गप्प बसली होती, आणि ज्या बाईसाठी गप्प बसली होती तिला वाटत होतं, नवरा गेला आणि त्याच्याबरोबर लोकही गेले. कर्म माझं!

लिफ्टची वाट न बघता मी जिन्यानं वर गेले. मावशींचं दार सताड उघडं. हॉलमधला सोफा भिंतीला सरकवलेला, घरात होत्या नव्हत्या तेवढ्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या. सतरंजी अंथरलेली. टेबलावर कपांच्या रांगा, आणि मोठ्या परातीवर पांढरं फडकं. मावशी काकांनी घेतलेली निळी साडी नेसून, केसांत दोन शेवंतीची फुलं खोवून, दाराकडे तोंड करून बसल्या होत्या.

"आले का गं ते?" त्यांनी विचारलं. "मघाशी खाली ढोलकी वाजल्यासारखी वाटली. मग थांबली."

मी उत्तर द्यायच्या आत त्यांचा फोन वाजला. कॅरल पार्टीतल्याच कुणाचा तरी. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, पण मावशींचा चेहरा दिसत होता. आधी त्या नुसत्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असावं, कारण त्यांना कळलं. आणि मग ही बाई, जिनं आयुष्यात कधी पेशंटला 'दुखणार नाही' असंही खोटं सांगितलं नव्हतं, ती फोनवर म्हणाली, "हो रे बाळा, मीच सांगितलं होतं वॉचमनला. डोकं फार दुखत होतं. नाही, नाही, परत येऊ नका. तुमची पुढची घरं खोळंबतील. सलाम सांग सगळ्यांना."

फोन ठेवल्यावर मी सगळं सांगितलं. ग्रुप, मेसेज, आप्पा. त्या ऐकत होत्या, आणि मग एकदम चिडल्या. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"माझा नवरा गेला म्हणून काय येशूचा जन्म पुढं ढकलायचा होता? अगं, दुःखाच्या घरी आधी यायचं असतं! त्यासाठीच तर असतं ते!"

"मग त्यांना बोलवा परत. मी करते फोन."

"नको." त्या खाली बसल्या. "काय सांगू मी चर्चमध्ये? माझ्या शेजाऱ्यांनी तुम्हाला हाकललं म्हणून? ज्यांनी मला महिनाभर जेवू घातलं त्यांची बदनामी करू? ते जमायचं नाही मला." मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "पोरगी म्हणते तेच बरोबर आहे. इथं माझं आता कोण समजून घेणार?"

त्यांनी केसांतली फुलं काढून टेबलावर ठेवली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी खाली उतरले.

आप्पा पार्किंगमध्ये शाल पांघरून बसले होते, नेहमीच्या प्लास्टिकच्या खुर्चीत.

"आप्पा, कॅरलवाल्यांना तुम्ही परत पाठवलंत?"

"व्हय. आले व्हते का? बरं झालं, वॉचमननं ध्यानात ठिवलं." त्यांचा चेहरा समाधानानं फुलला. "ल्हान पोरं ती, त्यांना काय कळतंय. दुखवट्याच्या घरी ढोलकी घिऊन येत्यात."

"त्यांना मावशींनी बोलावलं होतं!"

"सिस्टरनी? आन वरीस कुठं झालंय अजून?"

"त्यांच्यात तसं नसतं, आप्पा."

"नसतं म्हंजे? नवरा तर गेलाय न्हवं?"

"अहो, पण एकानं तरी त्यांना विचारायचं!"

यावर आप्पा माझ्याकडे असे बघायला लागले, जणू वेडी मीच. "असं इचारत्यात व्हय कुणी? जिचा धनी गेलाय तिच्या दारात जाऊन म्हनायचं, बाई गं, यंदा सण करनार हायेस का? ह्ये तोंड घिऊन जायचं आपन?"

त्यांच्या जगात विचारणं हाच दुष्टपणा होता. म्हणून मी वाद सोडला आणि वर काय पाहिलं ते सांगितलं. मांडलेल्या खुर्च्या, निळी साडी, परातीवरचं फडकं. फोनवर त्या काय बोलल्या ते सांगितलं.

"माझं नाव न्हाई घेतलं?"

"कुणाचंच नाही घेतलं. स्वतःचं डोकं दुखतंय म्हणाल्या."

आप्पांनी शाल तोंडावर धरली. त्या जाडजूड माणसाचे खांदे हलायला लागले तशी माझी आग विझली आणि मलाच कसंतरी झालं. थोड्या वेळानं नाक पुसत म्हणाले, "मी बोलेरो काढतो. असतील तितनं त्या पोरांना उचलून आनतो."

"त्यांना ते नकोय. बिल्डिंगीची अब्रू चर्चमध्ये जायला नको म्हणतात."

मी वर निघून आले.

दुसऱ्या दिवशी चोवीस तारीख, शटडाउनचा पहिला दिवस. झोपायचा दिवस, पण झोप कसली येते. माझा नवरा सकाळच्या शिफ्टला गेलेला. दुपारी मावशींनी बेल वाजवली आणि म्हणाल्या, "जरा माळ्यावरची मोठी बॅग काढून दे गं. माझा हात पोचत नाही." मी स्टुलावर चढले आणि बॅग काढून दिली. भांडायला मी पटाईत आहे, पण कुणाला 'जाऊ नका' म्हणायला मला साधत नाही. मी ओल्या फडक्यानं बॅगेवरची धूळ पुसत राहिले. गरजेपेक्षा जास्त वेळ पुसली.

ऊन उतरायला लागलं तेव्हा जिन्यात पावलं वाजली, बरीच, आणि सावकाश. दार उघडून बघते तर आप्पा. धुवट पांढरा शर्ट, डोक्याला टोपी. त्यांच्या मागे गावठाणातले सात म्हातारे, सगळे टोप्या घातलेले, कुणाच्या गळ्यात टाळ, दोघांनी मिळून धरलेली पेटी, एकाच्या पोटाशी पखवाज. हे आप्पांचं भजनी मंडळ. दर एकादशीला गावातल्या देवळात बसतं. लिफ्टमध्ये पखवाज मावेना म्हणून सगळे जिन्यानं आले होते आणि धापा टाकत होते.

आप्पांनी मावशींची बेल वाजवली. मावशी दारात आल्या. आप्पांनी हात जोडले आणि पाठ करून आणल्यासारखं बोलले, "सिस्टर, आमी अडानी. आमच्यात हाय तेच तुमच्यात असंल असं वाटलं. तुमच्या घरचं गानं माझ्यामुळं माघारी गेलं. ती पोरं तर काय आता आनता येत न्हाईत. पन आमाला गाता येतं. तुमच्या देवाचं काय असंल ते द्या, आमी म्हनतो."

मावशी दाराला धरून उभ्या. मला वाटलं, आता या नको म्हणतील. मागून एक म्हातारा दुसऱ्याला कुजबुजला, "आपन दुसऱ्याच्या देवाचं कसं म्हनायचं रं?" दुसरा म्हणाला, "शब्द मराठीच हायती न्हवं? मग चाल लावायला काय जातंय."

"आत या," मावशी म्हणाल्या. "चपला राहू द्या."

चपला सगळ्यांनी काढल्याच. सतरंजी रात्रीची तशीच होती. मावशी आतून काकांचं गाण्यांचं पुस्तक घेऊन आल्या. आणि आप्पांनी ते उघडून लांब धरलं, जवळ धरलं, आणि शेजारच्याला दिलं. त्यानं पुढच्याला. पुस्तक फिरून परत आलं. गडबडीत एकानंही चष्मा आणला नव्हता.

"ताई," आप्पा माझ्याकडे वळले, "तुमी वळी सांगा. आमी उचलतो."

मी! मी म्हटलं, "मावशी वाचतील की." मावशी म्हणाल्या, "मला आज अक्षरं दिसायची नाहीत गं." त्यांचे डोळे आधीच भरले होते. मग काय करता? मी पुस्तक घेतलं आणि सतरंजीवर बसले. त्यात काही गाणी चक्क अभंगाच्या घाटाची होती, साडेतीन चरणांची, हे मला माहीतच नव्हतं. मी पहिली ओळ वाचली. पेटीवाल्यानं डोळे मिटून दोन सूर दाबून बघितले, पखवाजवाल्यानं थाप दिली, आणि त्या म्हाताऱ्यांनी ती ओळ अशी उचलली, जशी काही जन्मभर म्हणतायत.

बेथलेहेम, गव्हाण, मेंढरं. मी ओरडून ओळ सांगायची, ते गायचे. एका कडव्यानंतर पखवाजवाला थांबला. "गव्हानीत ठिवलं बाळ? का बरं?"

"गावात कुणी जागा दिली नाही म्हणून," मावशी म्हणाल्या. "सगळ्या दारांतून परत पाठवलं."

आप्पांचे टाळ थांबले. ते खाली बघत राहिले. मावशींना ते लक्षात आलं, आणि त्या पटकन म्हणाल्या, "वाजवा आप्पा, थांबू नका. लय सुटेल."

लय कुठली सुटायला? ती चढतच गेली. शेवटच्या कडव्याला पखवाज असा घुमायला लागला, टाळ असे खणखणायला लागले, की सगळे भान विसरले आणि जन्माची सवय, गाणं संपता संपता आठही जण एका आवाजात गरजले, "विठ्ठल! विठ्ठल!"

आणि गप्प. एकदम गप्प. आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. पेटीवाल्यानं जीभ चावली. सगळे मावशींकडे बघायला लागले, शाळेत काच फोडलेल्या पोरांसारखे.

मावशींनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, रडतायत. पण छे, त्या हसत होत्या. आधी आवरून, मग आवरेचना. खुर्चीचा हात धरून, पोट धरून, खो खो हसत होत्या. ऑगस्टपासून त्या घरात कुणी असं हसलं नव्हतं. "हे असते ना," त्या कशाबशा म्हणाल्या, "हे असते तर त्यांनी पण म्हटलं असतं! ताल मोडायला नको म्हणून! नक्की म्हटलं असतं!" आणि मग त्या रडल्या, मोठ्यानं, आणि आप्पा रडले, आणि मीही रडले, सांगायला लाज कसली.

एव्हाना पखवाजाच्या आवाजानं बिल्डिंग जमा झाली होती. आधी पोरं, मग पोरांना बोलवायला आलेल्या बाया, मग सगळेच. जिन्यात पाय ठेवायला जागा नाही. कुणीतरी बिचकत 'शुभेच्छा' म्हणालं, आणि मावशींनी तिच्या हातात करंजी ठेवली, तशी सगळ्यांची भीड मोडली. मावशींनी परातीवरचं फडकं काढलं. एक आजी म्हणाली, "अगं बाई, कढई चढवली की तुम्ही!" मावशी म्हणाल्या, "चढवली. खा."

कॅरलवाले निघताना घरासाठी प्रार्थना करतात, ती राहिली होती. दरवर्षी काका करायचे. मावशींनी पदर डोक्यावर घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतः केली. लांबलचक केली. पखवाजवाल्याच्या गुडघ्यांसाठी, आप्पांच्या नातवाच्या नोकरीसाठी, वॉचमनच्या गावाकडच्या आईसाठी. टोप्या घातलेले म्हातारे हात जोडून उभे होते. मला त्या क्षणी देव पटला का? नाही. पटला नाही आणि पटेल असंही वाटत नाही. पण एक बाई माणसांची आठवण काढत होती, आणि ज्याची काढली जात होती तो जरा सरळ उभा राहत होता, हे मी डोळ्यांनी बघत होते. मला नाताळात जे हवं असतं ते हेच, आणि ते त्या दिवशी ओंजळभर मिळालं.

चहा चालू असताना बंगळुरूहून मुलीचा फोन आला. मावशींच्या दोन्ही हातांत कप, म्हणून त्यांनी मला स्पीकर लावायला सांगितला.

"मम्मी, एवढा आवाज कसला? टीव्ही लावलायस का?"

"माणसं आहेत गं घरात."

"कॅरलवाले?"

मावशींनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा बशीतला चहा फुंकत होते. "हो," मावशी म्हणाल्या, "कॅरलवालेच."

"बरं, ऐक. तुझं तिकीट बघतेय मी. बॅग भरायला घेतलीस का?"

"बॅग काढलीय. परत वर ठेवायचीय. तू तुझं तिकीट काढ, पोरांना घेऊन ये. मी कुठं येत नाही."

मग ती पोरगी, दोन मुलांची आई असलेली, अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मम्मी, पप्पा गेल्यापासून मला पण कुणी गाणं नाही ऐकवलं गं."

आप्पांनी बशी खाली ठेवली. कुणी काही न सांगता म्हाताऱ्यांनी तोंडं पुसली आणि टाळ उचलले. मावशींनी फोन माझ्या हातातून घेऊन पेटीशेजारी ठेवला. मी पुस्तक उघडलं, आणि बंगळुरूपर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं पहिली ओळ सांगितली.